बोथट खुरपे

जुने घर सोडण्याच्या आठवड्यात मी अंगणात एक चादर अंथरली आणि झाडांची सगळी औजारे तिच्यावर मांडली. कुदळ, फावडे, दोन घमेली, विळा, रबरी पाइप, झारी, फवारणीचा पाठीवरचा पंप, फांद्या छाटायचा सिकेटर, सुतळीचा गुंडा, मुलीने पुण्याहून पाठवलेला गुलाबी मुठींचा संच आणि खुरपे. वाळूजच्या एका कारखान्यात, औजारे घडवणाऱ्या टूल-रूममध्ये माझी अडतीस वर्षे गेली. तेथे अंगवळणी पडलेला एक नियम मी निवृत्तीनंतरही पाळला. वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते औजार नव्हे; ते ओझे.

वसाहतीतील रो-हाउस सोडून आम्ही शहराच्या दुसऱ्या बाजूला, सातारा परिसरातील एका लिफ्ट असलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला चाललो होतो. कारण पत्नीचे डोळे. काचबिंदूने तिची नजर दोन्ही बाजूंनी मिटवत आणली होती. समोरचे तेवढे दिसे, तेही धुरकट. जुन्या घरात पायऱ्या होत्या, अंगणात उघडा हौद होता. मुलीचे म्हणणे पडले की आईने आता तेथे राहू नये. म्हणणे रास्त होते. झाडांविषयीही तिचे म्हणणे होते. आईला दिसत नाही, बाबांना आवड नाही, मग कुंड्या न्यायच्या कशाला?

तेही रास्त होते. मला झाडांची आवड नव्हती. मला औजारांची होती.

हे ती आईला फोनवर बोलली. फोन ठेवल्यावर पत्नीने मला एक अट सांगितली. झाडे नव्या घरी येतील. त्यांचे सगळे ती स्वतः करील, कोणी मध्ये पडायचे नाही.

"अन् ज्या दिवशी माझ्या हातून एक जरी झाड मरंल," ती म्हणाली, "त्या दिवशी समदी देऊन टाका. मी एक सबुद बोलणार नाय."

ती देवगाव रंगारीची. तिच्या वडिलांची मेंढरे होती. पुढे थोडी शेती झाली. बोललेला शब्द फिरवायचा नाही, हे त्या घराचे वळण. लग्नाच्या बोलणीत मी ते ऐकले होते आणि नंतरच्या पंचेचाळीस वर्षांत अनुभवले होते. त्यामुळे ती अट ऐकून मी हो म्हटले आणि विषय तेथे संपला.

चादरीवरची निवड आम्ही दोघांनी मिळून केली. ती चादरीच्या कडेला बसली. मी एकेक औजार तिच्या हातात देई, ती ते चाचपून उजवीकडे किंवा डावीकडे ठेवी. उजवीकडचे न्यायचे. कुदळ आणि फावडे डावीकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर खणायचे काय? पाइपही गेला. नळाला पाणी ज्या दिवशी येईल तो दिवस आपला, अशा शहरात पाइपने झाडांना पाणी घालणे म्हणजे उधळपट्टी. झारी उजवीकडे आली, कारण झारीत किती पाणी आहे हे वजनावरून कळते. पाठीवरचा पंप गेला आणि त्याच्या जागी दाबाची लहान बाटली घ्यायचे ठरले. सिकेटर मी आग्रहाने ठेवला. घरात ठेवायच्या लहान कुंड्यांसाठी तिने स्वयंपाकघरातली एक जुनी लोखंडी पळी मागून घेतली, आणि पाने पुसायला माझा फाटका सुती बनियन.

गुलाबी संच तिने उघडलाही नाही. त्यातले हातमोजे मी तिच्या हातात चढवून पाहिले. काटे लागतील, दिसत नाही, तर हे बरे, असे मी म्हणालो. तिने बोटे दोनदा उघडली, मिटली आणि मोजे काढून डावीकडे टाकले.

"हे घातलं का मी पुरी आंधळी."

मला ते पटले. त्या वाक्याचा अर्थ मला कळला आहे, असेही मला त्या दिवशी वाटले.

खुरपे शेवटी आले. ते तिने दोन्हीकडे ठेवले नाही, मांडीवर घेतले. ते तिच्या गावच्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेले. सोळाव्या वर्षापासून तिच्या हातात होते आणि माहेरून सासरी तिच्या पिशवीतून आले होते. मूठ बाभळीची. पाते झिजून तीन बोटांचे उरले होते आणि त्याची कड जुन्या नाण्याच्या काठासारखी गोल झाली होती. टूल-रूममध्ये असे पाते माझ्यासमोर कोणी आणले असते, तर मी ते भंगारात टाकायला सांगितले असते. पण ती खुरपे घेऊन बसली होती, म्हणून मी उजवीकडची औजारे गोणीत भरायला घेतली.

दारातला मोगरा काढायला दोन माणसे लागली. तो मोगराही देवगाव रंगारीचा. तिच्या वडिलांच्या विहिरीवर एक मोगरा होता. त्याची फांदी जमिनीत दाबून केलेले रोप तिने लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आणले. ते दारात लावताना मी जवळ उभा होतो, एवढे आठवते. बाकीचे आठवत नाही. त्या दिवशी मला दुसरी पाळी होती. आता त्याचे खोड मनगटाएवढे झाले होते. माणसांनी मुळांभोवतीची माती न फोडता तो गोणपाटात बांधला आणि टेम्पोत उभा केला. नव्या घरी एका प्लास्टिकच्या ड्रमचा अर्धा भाग कापून त्यात तो लावला. गॅलरीत त्याच्यासोबत तुळस, कढीपत्ता, गवती चहा, दोन जास्वंदी, कोरफड. आत खिडकीपाशी मनीप्लँट आणि मुलीने दिलेले, सापाच्या कातडीसारख्या पानांचे एक झाड. आणखी काही लहानमोठ्या कुंड्या धरून सगळी मिळून सतरा.

सामान उतरवताना एक पेटी खुरप्यावर पडली आणि त्याची मूठ उभी फाटली.

नव्या घराविषयी एक गोष्ट मला सांगता येत नाही, तरी सांगतो. दुपारी तीनच्या सुमारास गॅलरीतले ऊन झाडांतून झिरपून आत येई आणि समोरची पांढरी भिंत हिरवट होई. वारा असला की ती भिंत हले. मी पलंगावर पडून असे. डोळे धड मिटलेले नाहीत, धड उघडे नाहीत. कोठे आहोत ते क्षणभर कळत नसे. टूल-रूममध्ये ग्राइंडरवर कूलंटचे दुधी पाणी वाहत असते, त्याचा एक सारखा आवाज असतो. गॅलरीत ती झारीने पाणी घालू लागली की तोच आवाज येई. मला वाटे, अजून पाळी संपलेली नाही. मग तिचे पुटपुटणे ऐकू येई. ती कुंडीवर कान धरी. कोरडी माती पाणी पिताना बारीक फुटते, चुरचुरते. ते थांबले की झारी सरळ करायची. तिला ड्रमातले पाणी दिसत नव्हते. ती ते ऐकत होती. मी तो आवाज ऐकण्याचा प्रयत्न करीत असे आणि त्यातच माझा डोळा लागत असे.

त्या दिवसांत ती भिंतीला हात न लावता गॅलरीत जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात दोनदा अडखळली होती. तिसऱ्या आठवड्यात कुंड्यांच्या मधून वाट काढताना मी पाहिले, ती कोठेही थांबली नाही. मुलीला मी हे फोनवर सांगितले. मुलगी म्हणाली की बघू या.

मूठ बसवायला मी गुलमंडीजवळच्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, दाढी मेंदीने रंगवलेली. त्याच्याकडे लाकडी मुठी पोत्यात भरलेल्या असतात. मी खुरपे पुढे केले आणि बारीक मूठ मागितली. त्याने पाते उलटसुलट केले, अंगठा फिरवला आणि खुरपे समोर ठेवले.

"मूठ किसके हाथ की होना, साब?"

माझ्या पत्नीच्या, असे मी सांगितले.

"तो उनोंको लेके आव ना. हाथ देखे बगैर मूठ कैसी देऊँ?"

मी म्हणालो, तिला बाजारात चालणे कठीण आहे. मी माप आणतो. तो हसला आणि माझ्यासाठी शेजारून चहा मागवला.

"माप नक्को साब, हाथ होना."

चहा घेऊन मी परत आलो. घरी जाडी मोजायचे माझे व्हर्नियर कॅलिपर आहे. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेले. मी पत्नीला बसवले, तिला मूठ वळायला सांगितले आणि आतल्या पोकळीचे माप घेतले. मग प्रत्येक बोटाची जाडी, तळव्याची रुंदी. गार पोलाद लागले की ती हात मागे घेई.

"माप घेताय का बेड्या करताय?"

स्थिर राहा, असे मी सांगितले.

"पंचेचाळीस वर्सांत हात कवा धरला नाय, अन् आता आकडे लिवून घेताय."

ती हसत होती. मी आकडे लिहून घेतले. ते अचूक होते. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि पोत्यातून तीन मुठी काढल्या. तिन्ही घरी न्या, तिला धरू द्या, दोन परत आणा, असे त्याने सांगितले. कागदाप्रमाणे जी बरोबर होती ती तिने पहिल्यांदा परत केली. मधली ठेवली.

ती मूठ मी स्वतः बसवली. पात्याचे शेपूट तापवले, लाकडात उतरवले, वरून कडी ठोकली. काम चांगले झाले. खुरपे माझ्या हातात होते, दुपार मोकळी होती आणि धार लावायचा ऑइलस्टोन कपाटात होता.

जे केले ते सांगणे भाग आहे. पाते दगडावर धरले. आधी जाड बाजू, मग बारीक. तेलाचा थेंब, ओढ, उलटणे, ओढ. भिंतीवर पानांच्या सावल्या हलत होत्या. मला वेळेचे भान राहिले नाही. हाताला ते काम माझ्याशिवाय येते. पन्नास वर्षांत त्या पात्याने न पाहिलेली धार तासाभरात आली. मी ती वर्तमानपत्राच्या कागदावर पाहिली. कागद आवाज न करता दुभंगला. मग पाते पुसले आणि खुरपे त्याच्या जागी ठेवले.

तिला सांगितले नाही. चांगले काम सांगायचे नसते, असे आम्हाला शिकवले होते. तिला ते आपसूक जाणवेल आणि ती विचारील, एवढी अपेक्षा मात्र मनात होती.

माघ सुरू झाला होता. मोगऱ्याला या दिवसांत ताण देतात. पाणी तोडायचे, पाने गळू द्यायची, फांद्या छाटायच्या, बुंध्याभोवतीची माती खोल हलवून मुळांना थोडे ऊन दाखवायचे. मग खत घालून पाणी सोडले की चैत्रात झाड कळ्यांनी भरते. तिने वडिलांच्या विहिरीवर हे पाहिले होते आणि दर वर्षी ती ते करीत आली होती. या वर्षी ड्रमात प्रथमच. ती पाटावर बसली, एक हात बुंध्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने माती हलवू लागली. मी दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होतो.

"मूठ लई झ्याक बसवली," ती म्हणाली. "खुरपं आज पाण्यावाणी चालतंय."

मी वर्तमानपत्राचे पान उलटले. मला समाधान वाटले. ती मुठीविषयी बोलत आहे आणि मला धारेविषयी ऐकायचे आहे, हे कळूनही वाटले.

पुढचे पंधरा दिवस मोगऱ्याची पाने गळाली. ती गळणारच होती. ताण दिला होता. मग तिने शेणखत घातले, पाणी सोडले आणि फुटव्याची वाट पाहू लागली. रोज सकाळी ती फांद्यांच्या पेरांवरून बोटे फिरवी. आठवडा गेला. पेरे फुगली नाहीत. दुसऱ्या आठवड्यात फांदी वाकवली तर ती मोडली, आणि मोडल्याचा आवाज कोरडा होता. तो मलाही आत ऐकू आला.

मी म्हणालो, जागा मानवली नसेल. एवढे मोठे झाड उपटून आणले, मुळे दुखावली असतील.

ड्रमापाशी बसून तिने खुरपे बाजूला ठेवले आणि हातांनी माती काढली. कोपरापर्यंत हात आत गेले. बराच वेळ ती तशीच बसली होती. मान वर, डोळे समोरच्या इमारतीकडे, जी तिला दिसत नव्हती. बोटे मातीत पाहत होती. मग तिने मूठभर मुळे बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. पांढरी बारीक मुळे, वाळून तांबूस झालेली. प्रत्येकाचे टोक सरळ कापलेले. टेम्पोत तुटलेले मूळ फाटते, ओढले जाते, त्याला झालर राहते. ही टोके स्वच्छ होती. मी आयुष्यभर कापलेल्या टोकांकडे पाहत आलो. त्या क्षणी मला सगळे समजले.

"माझ्या हातानं झालंय," ती म्हणाली. "समदीकडून कापलंय. मला कळलंच नाय."

मी मुळे ड्रमाच्या काठावर ठेवली.

त्याच संध्याकाळी तिने मला बीड बायपासवरच्या एका रोपवाटिकेला फोन लावायला सांगितले. सोळा कुंड्या आहेत, घेऊन जा. त्यांनी चार दिवसांनंतरची दुपार दिली. मुलीलाही तिने स्वतःच कळवले. आवाज नेहमीचा होता. फोन माझ्या हातात देताना ती म्हणाली की पोरीचं बरोबर व्हतं.

ते चार दिवस मी गप्प राहिलो. त्याचे समर्थन माझ्याजवळ नाही. पहिल्या दिवशी मला वाटले, सांगितल्याने मोगरा उठणार नाही. दुसऱ्या दिवशी वाटले, झाडे गेली तर तिला अडखळायचे भय नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला भिंतीला हात लावून स्वयंपाकघरात जाताना पाहिले. गॅलरीचे दार तिने लावून घेतले होते. पाणी मी घातले. झारी उचलली, ओतली. माती काय बोलते ते मला ऐकू आले नाही आणि तीन कुंड्यांखालून पाणी वाहून खालच्या मजल्यावर टपकले. खालच्या घरातल्या बाईंनी वर हाक मारून विचारले की टाकी फुटली का. मी नाही म्हणालो आणि फडके घेऊन वाकलो.

त्या दुपारी हिरव्या भिंतीकडे पाहता पाहता मला झोप लागली. स्वप्नात पहाटेची पाळीची बस होती. वाळूजच्या रस्त्याला लागलेली, दिवे मंद केलेले. सगळी माणसे बसल्या जागी झोपली होती, नेहमीसारखी, खिडकीला डोके टेकून. फक्त प्रत्येकाच्या मांडीवर एक कुंडी होती. झोपेतही प्रत्येकाने तिच्याभोवती हात धरले होते. खड्डा आला की सगळी पाने एकदम हलत आणि पुन्हा स्थिर होत. मीही बसलो होतो. माझी मांडी रिकामी होती आणि हातात व्हर्नियर होते. फाटकापाशी तिकीट नव्हते, ओळखपत्र नव्हते. पहारेकरी प्रत्येकाची कुंडी पाहून आत सोडत होता. माझी पाळी आली तेव्हा मी जागा झालो. भिंत पांढरी झाली होती. ऊन सरकले होते.

चौथ्या दिवशी सकाळी ती गॅलरीत गेली. कुंड्या पुसून ठेवते, असे म्हणाली. दुसऱ्याच्या घरी मळक्या जाऊ नयेत. ती एकेक कुंडी ओल्या फडक्याने पुसत होती आणि पुसून झाली की झाडाच्या शेंड्यावर एकदा हात ठेवत होती. तुळस झाली. कढीपत्ता झाला. मी कपाटातून खुरपे काढले, तिच्यासमोर खाली बसलो आणि ते तिच्या हातात दिले.

अंगठा फिरव, असे मी म्हणालो. जपून.

तिने मूठ ओळखली, पाते डाव्या हातात घेतले, कडेवर अंगठा ठेवला. फिरवला नाही. नुसता ठेवला आणि उचलला.

"ही धार कुणी काढली?"

"मी."

"कवा?"

"मूठ बसवली त्या दिवशी."

खालच्या रस्त्यावरून भंगारवाल्याची हाळी गेली. पत्नीने अंगठा पुन्हा एकदा कडेवर टेकवला.

"तरीच पाण्यावाणी चालत व्हतं," ती म्हणाली. "मी म्हनलं, मूठ चांगली." मग तिने पाते उलटे करून मांडीवर ठेवले. "मूळ आलं का खुरपं आडतं. आडलं का मी वळते. धारेच्याला काय, माती अन् मूळ सारकंच. कामून काढली धार?"

मी म्हणालो, बोथट होते म्हणून.

"बोथट व्हायला पन्नास वर्सं लागली त्याला."

तिने खुरपे मांडीवरून उचलून आपल्या मागे ठेवले.

"अन् चार दिस गप बसलात."

"हो."

तिने माझ्याकडे पाहिले. तिला माझे तोंड धुरकट दिसते, हे मला ठाऊक आहे. तरी मी मान खाली घातली. नंतर तिने पुढच्या कुंडीवर हात ठेवला. जास्वंदीची होती.

"म्हंजी मोगरा माझ्या हातून नाय मेला."

"नाही."

"तुमच्या हातून मेला."

"हो."

"मग झाडं ऱ्हातील," ती म्हणाली. "अट माझ्या हाताची व्हती, तुमच्या हाताची नव्हती. त्या मानसाला फोन लावा, येऊ नको म्हनावं."

मी उठलो आणि फोन लावला. रोपवाटिकेचा माणूस चिडला; गाडी ठरवली होती, म्हणाला. मी त्याचे ऐकून घेतले. परत आलो तेव्हा ती फडके पिळत होती. मोगऱ्याविषयी ती त्या दिवशी रडली की नाही, हे मला माहीत नाही. मी गॅलरीत नव्हतो. तिने मला पाणी आणायला पाठवले होते आणि बादली भरायला वेळ लागला.

तेव्हापासून औजारांची व्यवस्था बदलली आहे. झारी, खुरपे आणि पळी तिची. त्यांना मी हात लावायचा नाही. सिकेटर मला आहे, पण फांदी ती दाखवील आणि मी कापीन. दाबाच्या बाटलीत कडुनिंबाचे पाणी मी भरतो. पाने पुसणे मला जमते, असा तिचा अभिप्राय आहे. बनियन माझाच असल्यामुळे, असे ती मुलीला फोनवर म्हणाली. मुलगी खूप हसली. पुढच्या महिन्यात येताना तिने आईसाठी नवे खुरपे आणू का, असे विचारले. पत्नीने नको म्हटले.

जुन्या खुरप्याला पुन्हा बोथट करायचे होते. मला ते तासाभराचे काम वाटले. मी पाते दगडावर काटकोनात धरून कड गोल केली, पॉलिश कागद फिरवला, त्रिज्या मोजायच्या पट्टीने तपासली आणि तिच्याकडे नेले. तिने अंगठा फिरवला.

"हे बोथट नाय. हे मोडलंय."

मग काय करायचे, असे मी विचारले. तिने ड्रमाकडे हात केला.

मोगऱ्याचे खोड मी आधीच काढले होते. ड्रमातली माती तशीच होती. थोडी वाळू तिने मिसळून घेतली. त्यात रोज सकाळी अर्धा तास खुरपे चालवायचे, असे ठरले. दाबायचे नाही, घाई करायची नाही. माती हलवायची, इतकेच. खुरप्याला हात लावायची बंदी तेवढ्यापुरती उठली.

आता आषाढ आहे. मी पाटावर बसतो. समोर अर्धा ड्रम, त्यात काहीही लावलेले नाही. पाते मातीत जाते, वळते, बाहेर येते. अडतीस वर्षे मी धार लावली. धार घालवण्याचे काम मला कोणी शिकवले नव्हते. ते सावकाश होते. मधेच एखादे वाळलेले मूळ लागते. पहिल्या महिन्यात मला ते कळत नसे, पाते त्यातून निघून जाई. हल्ली कधीकधी हात क्षणभर अडतो. मी थांबतो, बोटांनी माती बाजूला करतो. बहुतेक वेळा मूळ नसते, खडा असतो.

मागे ती झारी घेऊन फिरत असते. पाण्याचा आवाज सुरू होतो, थांबतो, पुढे सरकतो. ऊन अजून भिंतीवर आलेले नसते. एक जास्वंद फुलली आहे असे ती मला सांगते. मला ती दिसलेली नसते.

अर्ध्या तासाने मी खुरपे पुसून तिच्यापुढे धरतो. ती झारी खाली ठेवते, पदराला हात पुसते आणि कडेवरून अंगठा नेते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदाच.

"अजून नाय," ती म्हणते.

आज सकाळी ती म्हणाली, "थोडं ऱ्हायलंय."